पांढऱ्या कमळावरची डालगी

एकदा एक गुळाचा व्यापारी होता आणि त्याच्या परसात एक तळं होतं. तळं म्हणजे काही सरोवर नव्हे. बारा हात लांब, आठ हात रुंद, कडेनं घडीव दगड आणि विहिरीवरून पाटानं येणारं पाणी. पण गावात दुसऱ्या कुणाच्या परसात तळं नव्हतं, त्यामुळे शेटला त्याचा मोठा अभिमान. आता अभिमान आला की माणसाचं डोकं थोडं बाजूला पडतंच, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे.

अशा कथांत माणसांना नावं नसतात. व्यापारी, गुरू, शिष्य, एवढ्यावर भागतं. मीही तसंच भागवणार आहे, फक्त एकीचा अपवाद करून. शेटच्या मुलीचं नाव वेणू. ते मी मुद्दाम सांगतो आहे. गाव तिला शेटची मुलगी म्हणत असे, उद्या अमक्याची बायको म्हणालं असतं, आणि तिला स्वतःला नुसतं तेवढंच व्हायचं नव्हतं. तिला वैद्य व्हायचं होतं.

गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे, एक वृद्ध वैद्यबाई राहत असत. त्यांना सगळे माई म्हणत. आसपासच्या अकरा गावांतल्या बायका त्यांच्याकडे येत. जे दुखणं नवऱ्याजवळ बोलता येत नाही, पुरुष वैद्याजवळ तर नाहीच नाही, ते घेऊन त्या माईंच्या ओसरीवर बसत आणि जाताना हलक्या होऊन जात. माईंनी सत्तरी ओलांडली होती. नाडीवरची बोटं अजून शाबूत होती, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जिभेचा रंग, नखांचा फिकेपणा, डोळ्यांतली पिवळी झाक त्यांना आता नीट दिसत नसे. त्यांच्यामागं या बायकांना कोण, या प्रश्नाला एकच उत्तर होतं, ते म्हणजे वेणू. ती तीन वर्षं माईंकडे शिकत होती आणि दुसरी शिष्या नव्हती.

माईंची शिकवण्याची रीत जगावेगळी. श्लोक मुखोद्गत झाले, काढे जमले, एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. शिष्येनं औषधाच्या सहा वनस्पती आपल्या घरी, आपल्या हातांनी वाढवायच्या, हा त्यांचा नेम. सहावी आणि शेवटची वनस्पती म्हणजे पांढरं कमळ. त्याला फूल आलं की मग माईंच्या शेजारी बसून पहिल्या रोग्याची नाडी धरायची. तोवर रोग्याला हात लावायचा नाही. "झाड बोलत नाही, तरी त्याला काय होतंय ते कळलं पाहिजे. ते कळलं तर माणसाजवळ बस, नाहीतर घरी जाऊन भाकरी थाप," असं माई तोंडावर सांगत. मऊ बोलणं त्यांना जमत नसे आणि ते शिकायची त्यांची इच्छाही नव्हती.

वेणूच्या पाच वनस्पती जगल्या, वाढल्या. सहावी उरली होती. माघ महिन्यात तिनं ओढ्याच्या वरच्या डोहातून पांढऱ्या कमळाचे पाच कंद आणले, पसरट कुंड्यांत काळा चिखल भरून त्यांत लावले आणि त्या कुंड्या परसातल्या तळ्यात सोडल्या.

आणि इथंच घोटाळा झाला, कारण तळ्यात मासे होते.

चांगले हातभर लांबीचे, तांबूस सोनेरी रंगाचे आठ मासे. शेटच्या भागीदारानं ते दूरच्या शहरातून आणून भेट दिले होते. भागीदारी ठरली त्या दिवशी मासे तळ्यात सोडले आणि पुढं धंदा वाढला, म्हणून शेटच्या लेखी ते साधे मासे नव्हतेच, तो घरातला शकुन होता. पाहुणा आला की आधी त्याला मासे दाखवायचे, त्याच्या हातून कणकेच्या गोळ्या टाकायच्या, मग गूळ-पाणी. माशांवर कुणी काठी उगारायची नाही, मोठ्यानं ओरडायचं नाही. घरातल्या माणसांवर मात्र ओरडायला शेटची ना नव्हती.

त्या जातीच्या माशांना चिखल उकरायची खोड असते. तळाशी जाऊन ते तोंडानं माती उपसतात आणि त्यात कोवळं मूळ सापडलं की तेही ओढतात. आठ दिवसांत दोन कंद उघडे पडले. नुकत्याच आलेल्या पानांच्या कडा चघळलेल्या दिसू लागल्या.

"आबा, मासे माझी कमळं उपटताहेत," वेणू म्हणाली. "त्यांना थोडे दिवस दुसरीकडं ठेवू या."

"छे छे! मासे हलवायचे नाहीत," शेट म्हणाले. "अगं, मासाच तो. त्याचा स्वभावच आहे. आपण कमळांचा बंदोबस्त करू."

आणि त्यांनी केला. बुरूडआळीतून पाच नवी डालगी आणवली. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली, उपडी घातली की आतली कोंबडी बाहेर येत नाही आणि बाहेरचं मांजर आत जात नाही. शेटनी प्रत्येक कुंडीवर पाण्याखाली एकेक डालगं उपडं घातलं आणि वर दगड ठेवला. दुसऱ्या दिवसापासून माशांना एक पान मिळालं नाही. शेट इतके खूश झाले की पाहुण्यांना माशांबरोबर आता डालगीही दाखवू लागले.

याच सुमारास दुसरी गोष्ट घडली.

माईंच्या घरी जायची वाट पिंपळाच्या पारावरून जात होती. त्या पारावर भागीदाराचे दोन पुतणे बसत. बसत म्हणजे, तोच त्यांचा उद्योग. सकाळी बसत, जेवून पुन्हा बसत. येणाऱ्याजाणाऱ्या मुलींना बोलणं, शीळ घालणं, वाटेत पाय आडवा टाकणं हे चालूच असे. वेणू वर्षभर खाली मान घालून तिथून गेली होती. एके दिवशी त्यातला एक तिच्यासमोर येऊन उभा राहिला, मनगट पुढं केलं आणि म्हणाला, "वैद्यीणबाई, आमची पण नाडी बघा की!" ती बाजूनं जाऊ लागली तशी दुसऱ्यानं तिच्या खांद्यावरची झोळी ओढली आणि औषधाच्या पुड्या धुळीत उलट्या केल्या. पारावरची आणखी चार माणसं बघत होती. एकही उठला नाही. मेली मेंढरं!

वेणूनं त्याला ढकललं, झोळी हिसकावून घेतली, हाती लागल्या तेवढ्या पुड्या गोळा केल्या आणि ती घरी आली. रडली नाही. काय झालं, कुणी केलं, ते तिनं नावानिशी सांगितलं.

शेटचा चेहरा लालबुंद झाला. "हात मोडून ठेवतो एकेकाचे!" ते म्हणाले. खरंच म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांच्या मनातही तेच होतं. पण मग त्यांनी पागोटं काढलं, पाणी प्यायले, झोपाळ्यावर बसले. झोपाळा हलू लागला तसा राग उतरू लागला आणि भागीदार आठवू लागला. जेवायला बसेपर्यंत हात मोडायची भाषा संपली होती.

"तू थोडे दिवस घरीच राहा, बाळ," ते म्हणाले.

"मी? मी काय केलं, आबा?"

"तू काही केलं नाहीस गं. म्हणूनच म्हणतो. तुझ्याच भल्यासाठी."

"त्यांनी केलं ना? मग त्यांना सांगा घरी राहायला."

"अगं, पोरं उनाड आहेत. त्यांना कुणी ऐकवायचं? आपणच जपून राहावं. बाहेर पडली नाहीस तर कोण तुझ्या वाटेला जाणार आहे?"

वेणूनं आईकडे पाहिलं. आई वाढत होती. "आबा म्हणतात ते ऐक," ती हळूच म्हणाली.

असे सहा आठवडे गेले. शेट समाधानी होते. कमळ सुरक्षित, मुलगी सुरक्षित, मासे मजेत, भागीदारी मजेत. या सहा आठवड्यांत वेणूला गावात एक शब्द कुणी वाकडा बोललं नाही, हे ते चारचौघांत सांगतही. बोलणार कसं? ती उंबऱ्याबाहेर पडलीच नव्हती! ती रोज तळ्याच्या काठी बसून डालग्यांच्या फटींतून आत बघायची. पानं वर का येत नाहीत हे तिला दिसत होतं. बापाला सांगून झालं होतं. "उघडलंस की मासे खातील," एवढंच उत्तर मिळालं होतं. शेवटी औषध न्यायला माईंकडे निघालेल्या एका बाईजवळ तिनं निरोप धाडला, 'माझी कमळं मरताहेत आणि मला येता येत नाही.'

दुसऱ्याच दिवशी सकाळी माई स्वतः आल्या. काठी टेकत, धापा टाकत, पाराच्या वाटेनंच आल्या.

"या या, माई!" शेट लगबगीनं उठले. "तुम्ही कशाला त्रास घेतला? निरोप धाडला असता तर गाडी पाठवली असती. आधी मासे बघा, मग गूळ-पाणी घ्या."

"मासे नंतर," माई म्हणाल्या. "माझी शिष्या कुठं आहे? सहा आठवडे झाले. आजारी आहे का?"

शेट जरा घुटमळले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पारावरचं, झोळीचं, पुड्यांचं. आपण किती शहाणपणानं वागलो तेही सांगितलं. माई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर "चल, तळं दाखव," म्हणाल्या.

परसात वेणू होतीच. ती माईंच्या पाया पडली. माईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला, डोळे बारीक करून पाहिला, आणि नुसतं "हं" केलं. मग काठी एका डालग्याकडं रोखली. "उचल ते."

वेणूनं दगड बाजूला केला आणि डालगं वर काढलं. आतली पानं पांढुरकी पडली होती. वर यायला वाट नाही म्हणून देठ टोपलीच्या आतून गोल गोल वळले होते, पानं एकावर एक दाबून चिकटली होती. मधोमध एक कळी होती, पण ती पाण्यातच काळी पडून सडली होती. वेणूनं ती हातात घेतली तशी तिचा चिखल झाला. तीन वर्षांचं शिक्षण त्या कळीशी येऊन थांबलं होतं. आता मात्र वेणूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण बघा माई," शेट मागून म्हणाले, "एक पान कुरतडलेलं नाही! एक सुद्धा!"

माईंनी काठी शेटकडं वळवली.

"घरात तट्टा आहे का? बांबूचा, गाडीला लावतात तो?" त्यांनी विचारलं.

"आहे. दोन आहेत. कशाला?"

"आण."

तट्टे आले. मग माईंनी जे केलं ते बघायला शेजारच्या दोन बायका कुंपणावर येऊन उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंनी पदर खोचला, काष्टा वर घेतला आणि वेणूचा हात धरून त्या तळ्यात उतरल्या. गुडघाभर पाणी. "तू त्या बाजूनं हाक, मी या बाजूनं," त्या वेणूला म्हणाल्या. दोघींनी पाणी हलवत हलवत आठही मासे पाटाजवळच्या कोपऱ्यात नेले आणि मधे तट्टे उभे करून खाली दगडांनी पक्के केले. तळ्याचा चौथा हिस्सा माशांना, बाकी सगळं पाणी कमळांना. मग वेणूनं उरलेली डालगी एकेक करून उचलली आणि काठावर भिरकावली.

शेट काठावर नुसते इकडून तिकडं धावत होते. "अहो माई! अहो, हे काय चालवलंय? माझे मासे कोंडले! शकुनाचे मासे! भागीदार बघेल तर काय म्हणेल?"

"हां," माई म्हणाल्या. "आता खरं बोललास."

वेणूलाही हे कोडं उलगडलं नव्हतं. ती पाण्यात उभी राहून म्हणाली, "माई, मलाही वाईटच वाटतंय हो. मासा भुकेनं उकरतो, मुद्दाम काही करत नाही. त्याला कोंडायचं का?"

माई काठावरच्या दगडावर बसल्या. पाय पाण्यातच ठेवले. त्यांना दम लागला होता, पण आवाज खणखणीत होता.

"पोरी, तू कनवाळू आहेस, ते चांगलं आहे. वैद्याला ते लागतं. पण नीट बघ. या तळ्यात उपटणारा कोण होता आणि उपटलं जाणारं कोण होतं? मासा हिंडू शकतो, कमळ जागा सोडू शकत नाही. तुझ्या बापानं उपटणाऱ्याला सगळं तळं दिलं आणि उपटलं जाणाऱ्यावर टोपली घातली. वर याला म्हणतो रक्षण. रक्षण करायचं तर कमळाला काय हवं ते आधी बघावं लागतं. त्याला पाण्याच्या वर यायचं असतं, ऊन घ्यायचं असतं, फुलायचं असतं. ते बंद करून जे उरलं, ते तुझ्या हातात आहे. त्याला कुणी खाल्लं नाही, तरी ते मेलंच."

"पण माई, माशाचा स्वभाव..." शेट म्हणू लागले.

"थांब!" माई म्हणाल्या. "तुझी नाळ मी कापली आहे, तेव्हा मधे बोलू नको. माशाचा स्वभाव आहे, कबूल. माशाला आई शिकवत नाही, त्याला शाळा नाही, लाज नाही, चूक काय ते कळत नाही. त्याला शंभर गुन्हे माफ. आणि तरीसुद्धा मी त्याला तट्ट्याआड घातलं. मग पारावर बसतात ते कोण रे? त्यांना आई आहे, चुलता आहे, डोकं आहे. त्यांना कुठला स्वभाव माफ करतोस तू? माशाला तरी पोटाची भूक होती. पोरीच्या झोळीतली औषधं धुळीत ओतणाऱ्यांना कसली भूक होती?"

शेटनी मान खाली घातली, पण ते व्यापारी होते, शेवटपर्यंत हुज्जत घालायची सवय. "माई, परसातलं तळं माझं आहे. इथं तट्टा घालता येतो. गाव काही माझं नाही. बाहेर कोण तट्टा घालणार?"

"बाजारात लबाड माणसं असतात ना? मग तू बाजारात जाणं बंद केलंस का? घरात डालग्याखाली बसून राहा की. कुणी तुला फसवणार नाही!" कुंपणावरच्या बायका फिस्सकन हसल्या. माई हसल्या नाहीत. "सगळ्या गावात तुझा शब्द चालत नाही, ठीक आहे. तुझ्या भागीदाराच्या ओट्यावर चालतो ना? तिथं तू एकदा तरी तोंड उघडलंस का? सहा आठवडे झाले. पोरीला डालून ठेवणं सोपं, कारण ती तुझं ऐकते. तू तिला वाचवलं नाहीस, शेट. तू भागीदाराशी होणारी कटकट वाचवलीस."

माईंच्या मागं ओसरीच्या दारात वेणूची आई उभी होती. ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वेणूची झोळी होती. धुऊन, वाळवून, फाटलेला बंद शिवून ठेवलेली. कधी शिवली होती कोण जाणे. तिनं ती लेकीच्या खांद्यावर अडकवली.

वेणू पाण्यातून बाहेर आली. पायांवर चिखल तसाच. "आबा," ती म्हणाली, "मी माईंच्या घरी जाते आहे. विचारत नाही, सांगते आहे."

"थांब, मी गाडी जुंपायला सांगतो," शेट घाईघाईनं म्हणाले.

"गाडी नको. मी पारावरूनच जाणार."

"माईंबरोबर तरी जा!"

"माझ्याबरोबर कशाला?" माई म्हणाल्या. "माझा गुडघा आखडलाय. मी येईन मागून. ती जाईल पुढं."

आणि ती गेली. शेट परसात उभे राहिले. मुलगी वाड्याचं दार ओलांडून रस्त्यावर गेली, उजवीकडं वळली, हे त्यांनी पाहिलं. मग ती दिसेनाशी झाली. सहा आठवडे मुलगी डोळ्यांसमोर होती तेव्हा जी भीती वाटली नव्हती, ती आता वाटली, आणि ती मुलीसाठी नव्हती. आपण किती भित्रे आहोत हे कळल्याची ती भीती होती. ते तसेच, डोक्याला पागोटं नाही, पायांत वहाण नाही, बाहेर धावले.

पारावर दोघे होतेच. वेणूला बघून एकानं पाय आडवा टाकला. वेणू थांबली. या वेळी तिनं मान खाली घातली नाही. "पाय काढ," ती मोठ्यानं म्हणाली. पारावरची सगळी माणसं ऐकतील इतक्या मोठ्यानं. "वाट गावाची आहे. पाय काढ!"

तो हसला. पण हसता हसता त्याची नजर तिच्या मागं गेली आणि पाय आपोआप आत गेला. गावातला मोठा व्यापारी बोडक्या डोक्यानं, अनवाणी, भर सकाळी पाराकडं येत होता. गावानं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"उतरा खाली," शेट म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, तरी ते बोलत राहिले. "दोघंही उतरा. उद्यापासून या पारावर दिसायचं नाही. आणि तुमच्या काकांना मीच सांगतो, तुम्ही जायच्या आधी." मग ते इतर माणसांकडं वळले. "आणि तुम्ही चौघं त्या दिवशी इथं होतात म्हणे. मी घरात होतो. तुम्ही डोळ्यांनी बघून गप्प बसलात, मी ऐकून गप्प बसलो. लाज तुम्हालाही वाटू द्या. मला वाटतेय."

वेणू तिथं थांबली नाही. तिला उशीर झाला होता. ती ओढ्याच्या दिशेनं चालू लागली.

शेट तसेच भागीदाराच्या घरी गेले. भागीदारानं आधी हसण्यावारी नेलं. "पोरं आहेत हो, वय आहे त्यांचं. आणि तुमच्या मुलीला तरी रोज ओढ्यापलीकडं जायची काय गरज पडलीय?"

"तिची गरज तिला ठाऊक," शेट म्हणाले. "ती तिनं तुम्हाला सांगायची नाही, मीही विचारत नाही. तुमचे पुतणे त्या पारावर पुन्हा दिसले तर आपली भागीदारी मोडली. आणि मासे तुम्हाला परत पाठवतो, तुमच्या तळ्यात सोडा."

"माझ्याकडं तळं कुठं आहे?"

"मग खणा!"

भागीदार चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी पुतणे पारावर दिसेनासे झाले, त्यांना गुऱ्हाळावर कामाला लावलं असं कळलं. त्यांचं मन पालटलं का? मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची फिकीरही नाही. लोक विचारतात, शेवटी ते सुधारले का? अरे बाबांनो, ही कथा त्यांची नाही. पार मोकळा झाला, कोष्टीआळीतल्या दोन मुली त्या वाटेनं शिवणकाम शिकायला जाऊ लागल्या, मला तेवढं पुरतं.

तळ्यातले दोन कंद सडून गेले. तीन जगले. वेणूनं चिखलावर चपटे गोटे पसरले, म्हणजे उद्या तट्टा हलला तरी कुणाला उकरता येऊ नये. भागीदारानं तळं काही खणलं नाही, त्यामुळे मासे राहिलेच; शेट रोज सकाळी त्यांना त्यांच्या कोपऱ्यात पेंड घालत आणि तट्टा पक्का आहे की नाही ते स्वतः हलवून बघत. पानं आधी वाकडीच वर आली, मग सरळ झाली, पाण्यावर पसरली. श्रावणात एका सकाळी पहिलं फूल उमललं.

त्याच दिवशी माईंनी वेणूला आपल्या शेजारी बसवलं. ओसरीवर पहिली आली ती पन्नाशीची एक बाई, डोक्यावरून पदर घेतलेली, चेहरा पांढराफटक पडलेला. सात महिने तिनं दुखणं अंगावर काढलं होतं. वेणूनं तिला ओळखलं. ती भागीदाराची भावजय होती, त्या दोघांची आई.

तिनंही वेणूला ओळखलं. हात पुढं करता करता मागं घेतला. "पोरी," ती म्हणाली, "मी फाल्गुनातच येणार होते. माई म्हणाल्या, मला नीट दिसत नाही, माझी वेणू नाडी धरू लागली की तिला दाखव. तू येईनाशी झालीस. का येईनाशी झालीस ते मला नंतर कळलं. माझ्याच पोरांनी तुझी वाट अडवली गं! आता कुठल्या तोंडानं हात देऊ? त्यांच्या वतीनं माफी मागते."

ओसरीवर बसलेल्या बायका माईंकडं बघू लागल्या. माईंनी मान सुद्धा वळवली नाही.

"त्यांच्या वतीनं नको," वेणू म्हणाली. "त्यांची माफी त्यांनी मागायची, तुम्ही नाही. तुम्ही तुमचं दुखणं सांगा. हात द्या."

बाईनं हात दिला. वेणूनं तीन बोटं तिच्या मनगटावर ठेवली आणि डोळे मिटून ती नाडी ऐकू लागली.

कथा इथं संपली. आता तुमच्यासाठी एकच काम सांगतो, फुकट आहे आणि आजच करता येण्यासारखं आहे. ज्या घरात मुलीला रोज 'कुठं चाललीस?' असं विचारतात, त्या घरानं आज मुलगा घरी आल्यावर त्याला विचारावं, 'कुठं बसला होतास?'